चौथं ताट

सोळा वर्षांत बचाव केंद्राच्या कामवाटपात एकही रकाना रिकामा राहिला नाही, अशी वहिनींची बढाई होती. आणि ती खरी होती, हीच तर पंचाईत. खोटी बढाई मारणाऱ्याला कुणी तरी कधी तरी जमिनीवर आणतं. खरी मारणाऱ्याच्या वाटेला कोण जाणार?

केंद्रातले सगळे त्यांना वहिनी म्हणत. खरं तर त्या एकट्या बारक्याच्या वहिनी, म्हणजे बारक्या त्यांचा सख्खा धाकटा दीर. पण तो नोकरीला लागला आणि "वहिनी, ए वहिनी" करत केंद्रभर फिरायला लागला, तेव्हा महिन्याभरात साहेबांपासून स्वयंपाकीणबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. साहेब तेरा वर्षांनी मोठे, केंद्राचे प्रमुख, पण तेही वहिनीच म्हणत. आणि बारक्या म्हणजे नावालाच बारक्या. सहा फूट उंच, दारातून वाकून येणारा गडी. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, त्यांच्याच मांडीशी बसून पाढे शिकला, आणि नऊ साते त्रेसष्टला तेव्हा अडायचा तो अजून अडतो.

त्याने बचाव केंद्रात नोकरी धरली तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. "दोराला लोंबकळायची कसली मेली नोकरी? त्यापेक्षा घरी बस म्हणावं." शेवटी वहिनींनीच मध्ये पडून शब्द दिला. "आई, मी आहे ना तिथे. कोणी कुठलं काम करायचं ते माझ्या हाताखालून जातं. त्याच्या केसाला धक्का लागू देणार नाही." तशी म्हातारी म्हणाली, "तुझ्या भरवशावर सोडते हो." तेव्हापासून रोज दुपारी एकच्या ठोक्याला सासूबाईंचा फोन येई. "आहे ना गं नीट?" आणि वहिनी समोरच्या तक्त्यावरून मान वर न करता म्हणत, "सगळे जागच्या जागी आहेत, आई."

आता हे जागच्या जागी म्हणजे काय, ते सांगायला हवं. उंचावरून किंवा खोलातून माणूस काढायचा तर गाडीबरोबर चौघं लागतात. एक चालक. तो गाडी सोडत नाही, कारण वायरलेस गाडीत आणि दोर ओढायचं चाकही गाडीलाच. एक मोठा दोर धरणारा. एक उतरणारा, म्हणजे आपला बारक्या. आणि एक राखणीचा दोर धरणारा. हा दुसरा दोर उतरणाऱ्याच्या कमरेला सैल बांधलेला असतो. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्याला काहीच काम नसतं. राखणीवाला नुसता हातात दोर घेऊन उभा, लोकांना वाटतं फुकटचा पगार खातोय. शंभराव्या वेळी मोठा दोर दगा देतो, आणि मग तो फुकट्याच तेवढा देवासारखा उभा असतो.

या केंद्राची जुनी रीत अशी की गाडी फाटकाशी येऊन थांबली की प्रत्येकाने आपलं काम मोठ्यांदा पुकारायचं. नाव नाही, काम. "गाडी!" "मोठा दोर!" "राखण!" "उतार!" चार आवाज आले की गाडी सुटणार. परत आल्यावरही तसंच. ही रीत कोणी पाडली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वहिनींना मात्र ती अगदी पोरकट वाटे. इथे माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि हे चार बाप्ये फाटकात उभे राहून शाळेतल्या पोरांसारखी हजेरी देतायत! त्यांनी हिशेबच मांडला होता: जाताना दहा सेकंद, येताना दहा, वर्षाला तीनशे चोवीस खेपा, म्हणजे एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं निव्वळ ओरडण्यात.

तशात विभागीय कार्यालयाकडून नवा तक्ता आला. आता सातही केंद्रांनी कामवाटप संगणकावर करायचं. प्रत्येक माणसाला तो करू शकतो त्या प्रत्येक कामाचा एक क्रमांक. रिकामा रकाना लाल दिसणार, भरला की हिरवा. ज्या केंद्राचं कामवाटप सगळ्यांत चोख, तिथल्या माणसाला सबंध विभागाचा कामवाटप अधिकारी करणार, असंही कानावर आलं होतं. झालं! वहिनींच्या अंगात संचारलं. चार दिवस डोळ्यांत तेल घालून त्यांनी तक्ता भरला आणि सोमवारी संध्याकाळी सगळा तक्ता कसा हिरवागार करून धाडून दिला. बरोबर साहेबांच्या सहीसाठी एक कागदही त्यांच्या टेबलावर ठेवला: "फाटकावरील पुकार बंद करण्याबाबत." कारण आता तक्ताच सगळं सांगतो, तर घसा कशाला फोडायचा?

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बघतो," म्हणाले. साहेब "बघतो" म्हणाले की आठवडा जातो, हे वहिनींना ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला भोंगा झाला. गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत मोजणी करणारा एक माणूस कडेवरून घसरून शंभर फूट खाली एका कपारीवर अडकला होता, पाय मोडलेला. केंद्राची एक तुकडी सकाळपासूनच पुलावरच्या अपघाताला गेलेली. दुसरी निघाली. भोंगा वाजला तशी वहिनींनी उठून खिडकी लावून घेतली. पुकारेचा कागद दिल्यापासून त्यांना तो आरडाओरडा कानावरसुद्धा नको होता. बंद काचेआडून त्यांनी गाडी फाटकाशी थांबलेली पाहिली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबली, तेव्हा वहिनी मनात म्हणाल्या, घ्या, आज दहाची पंचवीस सेकंदं केली. आणि खिडकीकडे पाठ करून त्या खेपेची नोंद करायला बसल्या. चालक, चा-४. मोठा दोर, दो-२. राखण, दो-९. उतार, उ-१. चार रकाने, चारही हिरवे.

बाराला पाच कमी असताना स्वयंपाकीणबाई पळी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. खेपेला गेलेल्यांची ताटं झाकून ठेवायची तर किती, हे त्या दर वेळी विचारायला येत.

"किती झाकू, वहिनी?"

"चार."

"चार कुणाकुणाची ते सांगा. मागल्या खेपेला मास्तरांच्या ताटात तिखट गेलं, दिवसभर मला टोचत होते."

वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "एक मास्तरांचं. एक आमच्या बारक्याचं. एक ढोल्याचं."

"ढोल्याचं म्हणजे दोन धरा," बाई हसल्या. "आणि चौथं?"

वहिनींनी तक्त्यावर बोट ठेवलं. चालक चा-४, म्हणजे ढोल्या. मोठा दोर दो-२, म्हणजे मास्तर. हे पूर्वी शाळेत कवायत घेत, म्हणून मास्तर. उतार, बारक्या. राहिली राखण. दो-९. दो-९ म्हणजे... आणि त्यांचं बोट तिथेच थिजलं.

दो-९ म्हणजेही ढोल्याच.

गेल्या साली ढोल्या हौसेने दोराची परीक्षा पास झाला होता. गाडीचा क्रमांक चा-४, दोराचा दो-९. माणूस एक, क्रमांक दोन. राखणीचा जुना माणूस नुकताच सेवानिवृत्त झाला, तो रकाना लाल दिसत होता, आणि सोमवारी घाईघाईत वहिनींनी यादीतला मोकळा क्रमांक उचलून तिथे ठेवून दिला होता. रकाना हिरवा झाला. संगणक बिचारा रकाने मोजतो, माणसं थोडीच मोजतो!

"वहिनी? अहो चौथं कुणाचं?"

"कुणाचंच नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना आपलाच आवाज ओळखू आला नाही.

डोळ्यांसमोर आलं ते एवढंच: शंभर फूट खोल खाण, मोठा दोर मास्तरांच्या हातात, ढोल्या गाडीपाशी, आणि बारक्याच्या कमरेचा दुसरा दोर धरायला कोणी नाही. पण त्यांना कळायला नको? कळलं असतं हो, पण राखणीवाला कधी गाडीत पुढे बसतो, कधी मागे उपकरणांच्या पेट्यांत बारक्याजवळ. पुढच्यांना वाटणार राखण मागे आहे, मागच्याला वाटणार पुढे आहे. आणि एकदा खाणीवर पोचले आणि खालून तो माणूस विव्हळताना ऐकू आला की ही पोरं थांबतील थोडीच! "होईल रे, सोड" म्हणून बारक्याच आधी लोंबकळेल. लहानपणापासूनचा आगाऊ.

वहिनी धावल्या त्या थेट साहेबांच्या खोलीत. खोली रिकामी. टेबलावर अर्धा चहा, त्याखाली बशी म्हणून पुकारेचा कागद, कपाचा ओला गोल बरोबर "बंद करण्याबाबत" वर उमटलेला. टेबलाखाली साहेबांचे काळे बूट, एक उभा, एक आडवा. साहेबांचे पाय सुजत, ते वरचेवर बूट काढून सपाता घालून फिरत. "साहेब! ओ साहेब!" वहिनींनी न्हाणीघराच्या दाराशी हाक मारली, जिन्यातून हाक मारली. कुणी ओ देईना. ऐन वेळी गायब व्हायची ही काय पुरुषांची खोड असते देव जाणे.

मग राहिली वायरलेसची खोली. तिथे फोनवाली, म्हणजे केंद्राचे फोन आणि वायरलेस सांभाळणारी मुलगी, कानाला यंत्र लावून बसली होती. "गाडी पोचली?"

"आत्ताच. दोर बांधतायत."

वायरलेसवर बोललेलं सातही केंद्रांत ऐकू जातं. विभागीय कार्यालयातही. तिथल्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर तर आवाजाचा डबाच ठेवलेला असतो, दिवसभर चालू. खोटं कशाला सांगू, वहिनींचा हात बटणावर गेला आणि पळभर थांबला. सोळा वर्षं. एकही रकाना नाही. पण पळभरच हो. दुसऱ्या पळाला त्यांना नऊ साते त्रेसष्टला अडलेला तो नऊ वर्षांचा पोरगा दिसला आणि त्यांनी बटण असं दाबलं की फोनवाली दचकली.

"खाणीवरच्या गाडीला निरोप. वहिनी बोलतेय. दोर सोडू नका. ऐकताय ना? बारक्याला खाली सोडू नका! चूक माझी आहे. राखणीला मी माणूसच दिला नाही. ढोल्याला मी दोनदा मांडलंय. तुम्ही तिघंच आहात, रे बाबांनो, तिघंच!"

खरखर. नुसती खरखर. फोनवालीने आपला हात वहिनींच्या हातावर ठेवला.

मग एक आवाज आला, धापा टाकणारा. "वहिनी, राखण बोलतेय."

"कोण राखण?"

"अहो कोण काय! मी. माझे बूट दिसले नाहीत का टेबलाखाली? आणि चहा कुणी तरी झाका, माशा पडतील."

साहेबांचा आवाज! सत्तावन्न वर्षांचे साहेब, गुडघे कुरकुरणारे, नऊ वर्षांत ज्यांनी दोराला हात लावला नाही ते साहेब! वहिनींनी भिंतीला टेकून डोळे मिटले. तेवढ्यात बारक्याचा लांबून आवाज आला, "वहिनी, रडू नकोस गं, सगळ्यांना ऐकू जातंय," आणि मागोमाग साहेबांचा, "आता सगळे गप्प. दोर सोडतोय."

दोर खाली सुटला की केंद्रातून वायरलेसवर कुणी बोलायचं नाही, असा नियम आहे. उतरणाऱ्याची हाक वरच्यांना ऐकू यायला हवी. वहिनी खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या. राखणीला माणूस मिळाला होता, पण कसला मिळाला होता? गुडघेदुखीचा, चष्म्याचा. एकला सासूबाईंचा फोन वाजला. फोनवालीने फोनच्या तोंडावर हात ठेवून विचारलं, "आजी आहेत, काय सांगू?" वहिनींनी मान हलवली. "सांग, मीच करते मागून." इतक्या वर्षांत सासूबाईंच्या प्रश्नाला त्यांनी पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही.

एक वाजून बारा मिनिटांनी ढोल्याचा आवाज आला. "दोघंही वर. पायवाला शुद्धीवर आहे, शिव्या देतोय."

आता मात्र वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या उठल्या, साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांनी चहा झाकला. तो केव्हाचाच गार झाला होता आणि त्यात माशीही पडली होती, तरी झाकला.

जखमीला इस्पितळात पोचवून गाडी परतली तेव्हा अडीच वाजत आले होते. वहिनींनी खिडकी सताड उघडून ठेवली होती. गाडी फाटकाशी थांबली.

"गाडी!" ढोल्या.

"मोठा दोर!" मास्तर.

"राखण!" घसा बसलेला, पण आला.

"उतार!" आणि हा आवाज तर त्या हजारात ओळखतील.

वहिनींनी बोटांवर चार मोजले आणि धावत अंगणात गेल्या. साहेब लंगडत उतरत होते, पायात दोरावर चढायचे जुने जाड बूट, एकाची नाडी सुटलेली.

"काय झालं सांगतो," मास्तर म्हणाले. "फाटकाशी गाडी थांबली. ढोल्या ओरडला गाडी, मी ओरडलो मोठा दोर. मग राखण यायला हवी, तर शुकशुकाट. मागून बारक्याने उतार म्हटलं. मी म्हटलं, अरे राखण कुठाय? ढोल्या माझ्याकडे बघतोय, मी ढोल्याकडे. एवढ्यात जिन्यावरून साहेब, पायात मोजे, हातात दोराचे जुने बूट, 'थांबा रे, थांबा!'"

"मी रोज खिडकीत उभा असतो," साहेब म्हणाले. "आज जरा नीट ऐकत होतो. तुमचा कागद समोर होता ना. म्हटलं सही करायच्या आधी एकदा शेवटचं ऐकून घ्यावं."

वहिनींची नजर साहेबांच्या हाताकडे गेली. उजव्या हातमोज्याच्या तळव्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेघ उठली होती आणि चामडं करपल्याचा वास येत होता.

"हे काय?"

"काही नाही हो," साहेब हात मागे नेत म्हणाले.

"काही नाही कसं?" मास्तर एकदम गंभीर झाले. "कडेचा दगड निखळला, वहिनी. माझा दोर पाच-सहा हात सरसर गेला, मला आवरेचना. सगळा भार राखणीवर आला. साहेबांनी धरला म्हणून. नाही तर..."

वहिनी तिथेच पायरीवर मटकन बसल्या आणि चारचौघांत, भर अंगणात, मोठ्यांदा रडल्या. सोळा वर्षांत केंद्राने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ढोल्या उगाच गाडीचा आरसा पुसायला लागला. बारक्या जवळ येऊन उकिडवा बसला. "अगं, जरासा खाली गेलो आणि थांबलो. झोपाळ्यासारखं. मजा आली."

"मजा?" वहिनींनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की सहा फुटांचा तो गडी कळवळला. "मेल्या, मजा आली म्हणतोस! आईंना काय सांगितलं असतं मी?" आणि त्याच हाताने त्यांनी त्याच्या केसांतली खाणीची धूळ झटकली.

विभागीय कार्यालयाचा फोन आला तो थोड्याच वेळाने. वहिनींनी मनाची तयारी केली होती, हातात राजीनाम्याचा कोरा कागदही होता. पण मोठे साहेब वेगळंच बोलले. वायरलेसवर ते ऐकल्यावर त्यांनी सातही केंद्रांना तक्ते तपासायला लावले होते, आणि आणखी दोन ठिकाणी एकच माणूस दोन रकान्यांत निघाला होता. "तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला ते कधी आणि कसं कळलं असतं, कोण जाणे," ते म्हणाले. अधिकारीपदाचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि वहिनींनी विचारलं नाही. नव्या तक्त्यात एक रकाना वाढवा, एवढं मात्र वहिनींनी त्यांना बजावून सांगितलं. रकान्याचं नाव सुचवलं "माणूस." फोन ठेवल्यावर पुकारेचा कागद त्यांनी साहेबांच्या टेबलावरून उचलला. "राहू द्या की," साहेब म्हणाले, "बशीसारखा बरा होता." वहिनींनी त्यांना खरी बशी आणून दिली.

जेवणघरात चौघं ताटांवर तुटून पडले होते. "कळलं का मग चौथं कुणाचं ते?" स्वयंपाकीणबाईंनी साहेबांना वाढता वाढता विचारलं. त्यांना अजून पुरतं काही ठाऊक नव्हतं, आणि वहिनींनी एकाएकी आपले दोन्ही हात का धरले, हेही त्यांना कळलं नाही.

मग वहिनींनी घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला सासूबाईंनी उचलला, जणू हातात धरूनच बसल्या होत्या.

"अगं, फोन केला नाहीस! पोरगं आहे ना नीट?"

समोर तक्ता होता, सगळा हिरवा. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांबा आई," त्या म्हणाल्या, "बघून सांगते." आणि फोन तसाच टेबलावर ठेवून त्या जेवणघराकडे गेल्या.